१६ जीबी रॅम असताना १६ केबी का मिळेना?

मे महिन्यातली रात्र होती. कूलर घरघरत होता, वीज दोनदा जाऊन आली होती, आणि भाचा ताट तसंच ठेवून लॅपटॉपसमोर बसला होता. इंजिनीअरिंगचं शेवटचं वर्ष, आणि प्रोजेक्ट लिनक्सच्या कर्नल मॉड्यूलचा, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याला (कर्नलला) ती चालू असतानाच जोडता येणाऱ्या तुकड्याचा. मशीनमधून जाणारी नेटवर्क पॅकेट्स मोजायची आणि कोणत्या आकाराची किती गेली ते सांगायचं, एवढंच काम. मॉड्यूल बिनचूक कंपाइल होत होतं, पण लोड होत नव्हतं.

"मामा, पाहा ना. १६ जीबी रॅम आहे, अर्धी तर रिकामीच पडली आहे, आणि हा मला १६ केबी देऊन नाही राहिला!"

पडद्यावर मॉड्यूल लोड करणाऱ्या इन्समॉड या कमांडची तक्रार होती की मेमरी देता येत नाही. डीमेसेजमध्ये, म्हणजे कर्नलच्या संदेशांच्या नोंदीत, थोडी जास्त माहिती होती: मॉड्यूलच्या नावापुढे 'कुड नॉट अलोकेट १६३८४ बाइट्स परसीपीयू डेटा'. १६३८४ म्हणजे नेमके १६ केबी. त्याने २०४८ खान्यांचा तक्ता केला होता, प्रत्येक खाना ८ बाइटचा. पॅकेट जेवढ्या बाइटचं, तेवढ्या नंबरच्या खान्यात एक मिळवायचा. मागणी अगदी साधी होती, आणि नकारही खरा होता. मेमरी संपली नव्हती. संपली होती ती मेमरीतली एक विशिष्ट, फार छोटी जागा, आणि तिचं नाव त्या ओळीतल्या 'परसीपीयू' या शब्दात होतं. तो शब्द बहुतेकजण वाचून पुढे जातात. त्या रात्री आम्ही त्यावरच दीड-दोन तास बसलो, आणि जे बोललो ते इथे नीट मांडतो आहे, कारण मराठीत हे कुठे सलग वाचायला मिळत नाही.

आधी त्याने पर-सीपीयू, म्हणजे प्रोसेसरच्या दर कोअरसाठी वेगळी, जागा मागितलीच का, ते पाहू.

त्याच्या पहिल्या प्रयत्नात एकच ग्लोबल काउंटर होता. पॅकेट आलं की त्यात एक मिळवायचा. लॅपटॉपला आठ कोअर, आणि मोजणी नेहमी थोडी कमी भरायची. आंबिया बहाराच्या दिवसांत नागपूरला कळमन्याच्या बाजारात संत्र्याची गाडी लागली आहे, आठ माणसं पेट्या उतरवताहेत आणि हिशेबाची पाटी एकच आहे, असं समजा. एकाने पाटीवर ४१ वाचलं आणि मनात ४२ धरून खडू उचलला. त्याच क्षणी दुसऱ्यानेही ४१ च वाचलं होतं. दोघांनीही ४२ लिहिलं. पेट्या दोन उतरल्या, हिशेब एकाने वाढला. 'एक मिळवणे' हे प्रोसेसरसाठी वाचणे, वाढवणे आणि परत लिहिणे अशा तीन पायऱ्यांचं काम आहे, आणि मधल्या फटीत दुसरा कोअर घुसू शकतो.

मग त्याने अ‍ॅटॉमिक काउंटर लावला. त्यात या तीन पायऱ्या मध्ये न तुटता एकत्र होतात. आकडा बरोबर आला, वेग मात्र पडला. एका वेळी एकच माणूस पाटीला हात लावेल असा नियम केला की बाकीचे सात ताटकळतात. प्रोसेसरच्या आत हे ताटकळणं कॅशमध्ये घडतं. कोअर मेमरीतली एखादी जागा सुटी उचलत नाही, तिच्या आजूबाजूच्यांसकट एक पट्टा उचलतो. या पट्ट्याला कॅश लाइन म्हणतात आणि आपल्या नेहमीच्या इंटेल-एएमडी प्रोसेसरवर तो ६४ बाइटचा असतो. ज्याला लिहायचं आहे त्याला आधी तो पट्टा पूर्णपणे स्वतःच्या ताब्यात घ्यावा लागतो, म्हणजे बाकी सगळ्यांकडच्या प्रती रद्द होतात. आठ कोअर एकच काउंटर वाढवत असतील तर तो पट्टा दिवसभर या कोअरकडून त्या कोअरकडे फिरत राहतो.

तिसरा प्रयत्न हुशारीचा होता, म्हणून त्यातली चूक मला विशेष आवडली. त्याने आठ काउंटरचा अ‍ॅरे केला. कोअर नंबर शून्याने पहिल्यात लिहायचं, एकने दुसऱ्यात, असं. कुणी कुणाच्या आकड्याला हात लावत नाही. तरी वेग वाढला नाही. हिशेब करून पाहा: आठ काउंटर, प्रत्येकी ८ बाइट, एकूण ६४ बाइट. म्हणजे सगळे मिळून एका कॅश लाइनभर! पाट्या आठ झाल्या, पण आठही एकाच फळीवर ठोकलेल्या, आणि लिहायचं तर फळीच उचलून न्यावी लागते.

म्हणून प्रत्येक कोअरचा काउंटर दुसऱ्यापासून खरोखर लांब हवा. लिनक्समध्ये यासाठीच पर-सीपीयू व्हेरिएबल आहेत. इथे मला नागपूरचीच एक गोष्ट वापरावीशी वाटते, कारण ती चपखल बसते: ले-आउट.

आपल्याकडे वस्ती ले-आउटने ओळखली जाते. नकाशा मंजूर होतो, रस्ते आखले जातात, प्लॉटना नंबर पडतात. आता अशी कल्पना करा की एकच नकाशा घेऊन हुबेहूब तसे आठ ले-आउट पाडले, प्रत्येक कोअरला एक. प्रत्येकात प्लॉट नंबर १४ आहे, आणि तो फाटकापासून तेवढ्याच अंतरावर आहे. कर्नलचा कोड फक्त म्हणतो, "१४ नंबरमध्ये एक मिळव." कोणत्या ले-आउटमधला १४, हे कोड बोलतच नाही. ते ठरतं तो कोड त्या क्षणी कोणत्या कोअरवर चालतो आहे त्यावरून, कारण प्रत्येक कोअरकडे स्वतःच्या ले-आउटच्या फाटकाचा पत्ता असतो. ६४ बिटी इंटेल-एएमडी प्रोसेसरवर कर्नल हा पत्ता जीएस नावाच्या रजिस्टरच्या (प्रोसेसरच्या आतल्या छोट्या खान्याच्या) बेसमध्ये ठेवतं. तिथे 'माझ्या फाटकापासून इतक्या अंतरावरच्या घरात एक मिळव' हे सगळं एकाच इन्स्ट्रक्शनमध्ये होतं.

एकाच इन्स्ट्रक्शनमध्ये होतं याला फार महत्त्व आहे. कर्नल चालू काम मध्येच थांबवून दुसऱ्या कोअरवर हलवू शकतं. समजा कोडने आधी घराचा पूर्ण पत्ता काढला, मग त्याला उचलून दुसऱ्या कोअरवर नेलं, आणि मग त्याने त्या जुन्या पत्त्यावर लिहिलं. तर तो शेजारच्या ले-आउटमध्ये घुसला. एका इन्स्ट्रक्शनच्या मध्ये असं हलवता येत नाही, म्हणून कुलूप लागत नाही. जिथे प्रोसेसरकडे अशी सोय नाही, तिथे कर्नल तेवढ्या क्षणापुरते इंटरप्ट (उपकरणांनी प्रोसेसरला मध्येच मारलेली हाक) किंवा कामांची अदलाबदल बंद ठेवतं. एकूण बेरीज हवी असेल तेव्हा मात्र आठही ले-आउट फिरून १४ नंबरचे आकडे गोळा करावे लागतात, आणि फिरता फिरता पहिल्या घरातला आकडा पुढे गेलेला असू शकतो. पॅकेट मोजायला तेवढं चालतं.

हे सगळं त्याला माहीत होतं. त्याने मॉड्यूलमध्ये डिफाइन-पर-सीपीयू हा मॅक्रो वापरून काउंटर लिहिला, तो लोड झाला, आकडे बरोबर आले, वेगही मिळाला. मग एका काउंटरऐवजी २०४८ खाने केले आणि गाडी अडली. तेव्हा त्याने विचारलेला प्रश्न या लेखाचा गाभा आहे. "मामा, ले-आउट तर मशीन सुरू होतानाच पडून गेले ना? माझं मॉड्यूल दोन तासांनी आलं. मग त्याला आठही ठिकाणी सारख्याच नंबरचा प्लॉट कुठून मिळून राहिला?"

कर्नलची स्वतःची पर-सीपीयू व्हेरिएबल कंपाइल होतानाच एका वेगळ्या सेक्शनमध्ये गोळा होतात. मशीन सुरू होताना, अगदी सुरुवातीच्या टप्प्यात, कर्नल तो सेक्शन नमुना म्हणून घेतं, प्रत्येक संभाव्य कोअरसाठी जागा काढतं, नमुन्याची नक्कल त्यात ठेवतं, आणि कोणत्या कोअरचं फाटक कुठे आहे याची यादी करतं. यात अवघड काही नाही, कारण किती व्हेरिएबल आहेत हे आधीच ठाऊक असतं.

मॉड्यूलचं तसं नाही. ते नंतर येतं, कुणाचं येईल, किती मोठं असेल, काहीच माहीत नसतं. आणि तरीही त्याच्या कोडला कर्नलसारखंच वागायचं आहे. त्यालाही 'माझ्या फाटकापासून इतक्या अंतरावर' अशीच भाषा बोलायची आहे, फाटकांची तीच यादी वापरायची आहे. मॉड्यूलसाठी वेगळी फाटकं काढली असती तर प्रत्येक वेळी आधी कोणतं फाटक ते शोधावं लागलं असतं, आणि एका इन्स्ट्रक्शनचा सगळा फायदा गेला असता.

उपाय ले-आउट पाडणाऱ्या कुणालाही सुचेल असा आहे: नकाशातच काही जमीन मोकळी सोडायची. पहिल्या ले-आउटचे तीन भाग असतात. आधी कर्नलची स्वतःची घरं, त्याला लागून मॉड्यूलसाठी राखलेली जमीन, आणि मग ज्याला जेव्हा लागेल तेव्हा देण्यासाठी आणखी थोडी. मधल्या राखीव भागाचा नेहमीचा आकार ८ केबी आहे. लक्षात घ्या, हे ८ केबी एका मॉड्यूलचे नाहीत. मशीनवर लोड होणारी सगळी मॉड्यूल मिळून, दर कोअरमागे ८ केबी. भाच्याने एकट्याने १६ मागितले होते.

आता मॉड्यूल आत येतं तेव्हा नेमकं काय होतं ते पाहू, कारण यातली रचना मला खरोखर सुंदर वाटते.

मॉड्यूलची फाइल म्हणजे सेक्शनची गठडी. कोडचा सेक्शन, डेटाचा सेक्शन, आणि त्यात एक पर-सीपीयू सेक्शन. लोडर (मॉड्यूल आत बसवणारा कर्नलमधला कोड) बाकीच्या सेक्शनसाठी मेमरी काढून त्यांना तिथे बसवतो. पण पर-सीपीयू सेक्शनवरची 'याला जागा द्या' ही खूण तो मुद्दाम पुसतो. कारण हा सेक्शन घर नाही, घराचा नमुना आहे. त्याला बाकीच्या डेटाबरोबर बसवलं तर एकच प्रत होईल, आणि ती कुठल्याच कोअरची नसेल. त्याऐवजी लोडर पर-सीपीयूचं जागावाटप करणाऱ्याकडे जातो आणि म्हणतो, राखीव भागातून इतके बाइट द्या. मिळालेली जागा आठही ले-आउटमध्ये एकाच अंतरावर असते. इथेच जागा नसेल तर ती डीमेसेजमधली ओळ छापली जाते आणि मॉड्यूल परत फिरतं.

जागा मिळाली की सिंबॉलची, म्हणजे मॉड्यूलमधल्या नावांची, पाळी. मॉड्यूलच्या प्रत्येक व्हेरिएबलला पत्ता द्यायचा असतो. साध्या व्हेरिएबलला त्याचा सेक्शन जिथे बसला तिथला पत्ता मिळतो. पण लोडरला दिसलं की हा सिंबॉल पर-सीपीयू सेक्शनचा आहे, तर तो त्याला फाइलमधल्या सेक्शनचा पत्ता देत नाही, राखीव भागात मिळालेल्या प्लॉटचा नंबर देतो. 'पत्ता' म्हणून लिहिलेली ही संख्या खरं तर पत्ता नाहीच. त्या ठिकाणी जाऊन वाचलं तर हवी ती गोष्ट सापडणार नाही. तिच्यात आपल्या कोअरचं अंतर मिळवलं तरच खरं घर सापडतं. नव्याने कर्नल शिकणारी मुलं इथेच अडखळतात. पर-सीपीयू व्हेरिएबलचा पत्ता साध्या पद्धतीने घेतात, त्यातून वाचायला जातात आणि मशीन बंद पडते किंवा भलताच आकडा येतो. हे प्लॉट नंबर आहेत, घराचे पत्ते नाहीत, एवढं डोक्यात पक्कं ठेवलं की निम्म्या चुका टळतात.

त्यानंतर रिलोकेशन होतं, म्हणजे कोडमध्ये जिथे जिथे या व्हेरिएबलचा उल्लेख आहे तिथे आता ठरलेली संख्या भरायची. आणि हे झाल्यावरच नमुन्याच्या नकला प्रत्येक कोअरच्या प्लॉटवर ठेवल्या जातात. क्रम असाच का? कोऱ्या फॉर्मच्या आठ झेरॉक्स काढून आठ ठिकाणी तीच दुरुस्ती करत बसण्यापेक्षा मूळ प्रत दुरुस्त करून मग झेरॉक्स काढणं शहाणपणाचं, म्हणून. तरी मी भाच्याला सांगितलं की पर-सीपीयू व्हेरिएबलच्या सुरुवातीच्या किमतीत पॉइंटर (दुसऱ्या जागेचा पत्ता) ठेवूच नकोस, मॉड्यूलच्या इनिटमध्ये (लोड होताना चालणाऱ्या फंक्शनमध्ये) भर. साधं ठेवलेलं बरं.

नकला काढताना कोअर मोजले जातात ते 'पॉसिबल', म्हणजे संभाव्य. आत्ता चालू असलेले तेवढेच नाहीत. एखादा कोअर आत्ता बंद असेल आणि उद्या चालू केला जाईल. पण मॉड्यूल लोड झालं की फाइलची ती तात्पुरती प्रत टाकून दिली जाते, तिच्याबरोबर नमुनाही जातो. उद्या उठणाऱ्या कोअरसाठी नक्कल काढायला मूळ प्रत उरलेलीच नसते. म्हणून आजच सगळ्यांच्या नावाचं घर बांधून ठेवायचं.

आता मूळ तक्रार. राखीव जमीन ८ केबीच का? रॅम भरपूर आहे, तर लागेल तशी वाढवत का नाही?

कारण अडचण जमिनीची नाही, पत्ता लिहायच्या जागेची आहे. ६४ बिटी प्रोसेसरचे पत्ते ६४ बिटांचे असतात, पण त्याच्या बहुतेक इन्स्ट्रक्शनमध्ये पत्त्यासाठी ३२ बिटांचाच रकाना असतो. तेवढ्यात मागे-पुढे २ जीबीपर्यंतचंच अंतर मावतं. कर्नल आणि त्याची मॉड्यूल मुद्दाम या पल्ल्याच्या आत ठेवलेली असतात, म्हणून छोट्या, वेगवान इन्स्ट्रक्शन वापरता येतात. पर-सीपीयूसाठी नंतर लागेल तशी जी नवी जागा उघडली जाते ती मात्र मेमरीच्या नकाशात फार लांब असते, आणि तिथला प्लॉट नंबर ३२ बिटांच्या रकान्यात मावत नाही. कोड आधीच कंपाइल झालेला आहे, रकाना आता रुंद करता येत नाही. म्हणून मॉड्यूलमध्ये डिफाइन-पर-सीपीयूने लिहिलेलं व्हेरिएबल पहिल्याच ले-आउटमध्ये, कर्नलच्या घरांना लागून बसलं पाहिजे. त्यासाठीच ती राखीव जमीन. जुन्या ३२ बिटी इंटेल मशीनवर हा राखीव भाग शून्य असतो, कारण तिथे पत्ताच ३२ बिटांचा, रकान्यात सगळं मावतं. मला ही गोष्ट पहिल्यांदा कळली तेव्हा ८ केबीचं कोडं एकदम सुटलं होतं.

मग ८ ऐवजी ८०० केबी का राखून ठेवू नये? ती जमीन प्रत्येक कोअरमागे जाते, कुणी वापरली नाही तरी. ज्या सर्व्हरवर २५६ संभाव्य कोअर आहेत तिथे ८०० केबीचे २०० एमबी होतात, आणि ते मशीन सुरू होतानाच अडकून बसतात. बहुतेक मॉड्यूलना काही डझन किंवा काही शे बाइट पुरतात.

या जागेचा हिशेब ठेवण्याची पद्धत बदलत गेली आहे. मॉड्यूल जोडण्याचं काम कर्नलच्या आत आणणारा नवा लोडर कर्नलचे एक विकासक रस्टी रसेल यांनी २००२ मध्ये, २.५ मालिकेत आणला. २.६ मालिकेच्या सुरुवातीच्या काळात मॉड्यूलच्या पर-सीपीयू जागेचा हिशेब लोडरच्या कोडमध्येच एका साध्या अ‍ॅरेत असे. तुकड्याचा आकार धन असेल तर तो मोकळा, ऋण असेल तर वापरात. वही किती छोटी, पण काम होत होतं. २००९ मध्ये, २.६.३० मध्ये, तेजुन हिओ यांचा नवा पर-सीपीयू अ‍ॅलोकेटर आला, आणि नंतर उघडलेल्या जागेतही फाटकांची तीच यादी चालायला लागली. त्याची युक्ती अशी की नवी वसाहत (म्हणजे सगळ्या कोअरच्या तुकड्यांचा एक नवा संच) पाडताना एका कोअरच्या तुकड्यापासून दुसऱ्या कोअरच्या तुकड्याचं अंतर पहिल्या वसाहतीत जेवढं होतं तेवढंच ठेवायचं. मग प्लॉट नंबर कितीही मोठा असो, त्यात कोअरचं ठरलेलं अंतर मिळवलं की बरोबर घर येतं. आजही तीच मांडणी आहे.

८ केबी किती सहज संपू शकतात याचा एक किस्सा कर्नलच्या इतिहासात आहे, आणि तो मॉड्यूल मोठं होतं म्हणून घडलेला नाही. २०१३ च्या सुमारास खूप कोअर असलेल्या मशीनवर, सुरू होताना, व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या केव्हीएम मॉड्यूलची तक्रार दिसू लागली: ३०४ बाइट पर-सीपीयू डेटा देता येत नाही. फक्त ३०४ बाइट! झालं असं होतं की मशीन सुरू होताना यूडेव्ह (उपकरणं ओळखणारा प्रोग्राम) प्रत्येक कोअर हे एक उपकरण म्हणून पाहतं आणि प्रत्येकासाठी योग्य मॉड्यूल लोड करायला सांगतं. कोअर ६४, तर एकाच मॉड्यूलसाठी ६४ विनंत्या, जवळजवळ एकाच वेळी. लोडर तेव्हा प्रत्येक विनंतीला आधी पर-सीपीयू जागा देई आणि 'अरे, हे मॉड्यूल तर आधीच येत आहे' हे नंतर तपासे. जादा प्रती शेवटी परत जात, जागाही परत मिळे, पण मधल्या काही क्षणांत सगळ्या जागा अडवून उभ्या असत. ८१९२ ला ३०४ ने भागा. बाकी कुणी काहीच घेतलेलं नसलं तरी फार तर २६ प्रती मावतात, सत्ताविसावीला नक्की नकार.

दुरुस्ती रस्टी रसेल यांचीच होती, आणि ती राखीव जागा वाढवण्याची नव्हती. त्यांनी क्रम बदलला. आधी मॉड्यूलचं नाव यादीत लिहायचं, त्याच नावाचं दुसरं आलं तर त्याला तिथेच थांबवायचं, आणि आपण एकटेच आहोत हे पक्कं झाल्यावरच पर-सीपीयू जागा मागायची. आजच्या लोडरमध्ये त्या ओळीवर तशी टीपही लिहिलेली आहे. भाच्याला मी तो कोड उघडून दाखवला. रांगेत नंबर लावून मग खिडकीपाशी जा, एवढीच गोष्ट, पण ती न केल्याने मोठमोठे सर्व्हर सुरू होताना तक्रार करत होते.

त्याच्या १६ केबींचं काय, तर उपाय सोपा होता आणि कर्नलनेच देऊन ठेवलेला आहे. मोठा तक्ता डिफाइन-पर-सीपीयूने लिहायचा नाही. मॉड्यूलमध्ये फक्त एक साधा पॉइंटर ठेवायचा आणि इनिटमध्ये अ‍ॅलॉक-परसीपीयू हे फंक्शन वापरून जागा मागायची. ही जागा राखीव भागातून येत नाही, सामान्य भागातून येते, लागेल तर नवी वसाहत उघडून. प्लॉट नंबर लांबचा असला तरी आता अडत नाही, कारण तो इन्स्ट्रक्शनच्या ३२ बिटी रकान्यात कोंबायचा नाही. तो पूर्ण ६४ बिटांच्या पॉइंटरमध्ये बसतो. वापरताना आधी पॉइंटर वाचायचा, एवढं एक काम वाढतं. त्याबदल्यात ८ केबींची भिंत नाहीशी होते. या रस्त्यालाही मर्यादा आहे. एका मागणीत ३२ केबींच्या पुढे सहसा जाता येत नाही, आणि प्रत्येक बाइटला संभाव्य कोअरच्या संख्येने गुणायचं असतं. त्याच्या लॅपटॉपवर १६ केबी गुणिले ८ म्हणजे १२८ केबी. तेच मॉड्यूल २५६ कोअरच्या सर्व्हरवर ४ एमबी खाईल. व्हर्च्युअल मशीनवर तर चालू कोअर चार असताना संभाव्य कोअर कितीतरी जास्त दाखवलेले असू शकतात, म्हणून नुसते चालू कोअर मोजून हिशेब करू नये. मशीनवर एकूण किती मेमरी या कामी गेली आहे ते मेमरीचा हिशेब दाखवणाऱ्या मेमइन्फो या फाइलमध्ये 'परसीपीयू' नावाच्या ओळीत दिसतं.

दोन गोष्टी त्याच्याकडून मी मुद्दाम परत लिहून घेतल्या. पहिली, अ‍ॅलॉक-परसीपीयूने काय परत दिलं ते तपासायचं. डिफाइन-पर-सीपीयूमध्ये जागा नसेल तर मॉड्यूल आतच येत नाही, म्हणजे तपासणी लोडर करतो. इथे ती आपण करायची. दुसरी, जागा परत करायची. डिफाइन-पर-सीपीयूची जागा मॉड्यूल काढताना लोडर स्वतः सोडतो. आपण मागितलेली आपणच सोडायची, आणि तीही योग्य वेळी: आधी नेटवर्कला लावलेला हुक (पॅकेट आलं की आपलं फंक्शन चालवणारी जोडणी) काढायचा, आत शिरलेली पॅकेट्स बाहेर पडेपर्यंत थांबायचं, मगच प्लॉट परत द्यायचा. उलट केलं तर एखादं पॅकेट अशा घरात आकडा लिहील जे आता दुसऱ्या कुणाचं आहे. तसा बिघाड लगेच दिसत नाही. तो दोन दिवसांनी, भलत्याच ठिकाणी फुटतो, आणि शोधताना माणूस रडकुंडीला येतो.

साडेअकराच्या सुमारास मॉड्यूल लोड झालं. डीमेसेजमध्ये कसलीच तक्रार नाही. त्याने एक मोठी फाइल डाउनलोडला लावली आणि आठही कोअरचे आकडे एकाखाली एक छापले. बेरीज बरोबर होती. पण तीन नंबरच्या कोअरखाली लाखांत आकडा आणि बाकी सात ठिकाणी शेकड्यात. त्याला आधी वाटलं, पुन्हा काहीतरी चुकलं. मी त्याला इंटरप्ट्सची यादी उघडायला सांगितली. वाय-फाय कार्डाच्या ओळीत एकाच रकान्यातला आकडा धावत होता, तीन नंबरच्या. कार्ड आपली सगळी पॅकेट्स एकाच कोअरच्या दारात टाकत होतं. एकच काउंटर होता तोवर हे कधीच दिसलं नसतं. तो ताट हातात घेऊन तसाच उभा राहून ती ओळ बघत होता.